मोजणीचा रोव्हर, कॉर्स केंद्रे आणि 'दोन सेंटिमीटर'ची अचूकता

माणदेशी

नमस्कार. आमच्या गटाची हद्द कायम मोजणी नुकतीच झाली. यापूर्वीची मोजणी प्लेन टेबल मांडून झाली होती आणि तिला अख्खा दिवस लागला होता. या वेळी भूकरमापक साहेब एक दांडा, त्यावर बसवलेला वाटोळा रिसीव्हर आणि हातात मावणारा छोटा संगणक एवढेच घेऊन आले, बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यावर दांडा उभा धरून नोंदी घेत गेले आणि दुपारच्या आत त्यांनी शेतातले काम उरकले. चौकशी केली तेव्हा समजले की या यंत्राला रोव्हर म्हणतात, उपग्रहांखेरीज ते 'कॉर्स' नावाच्या कायमस्वरूपी केंद्रांच्या जाळ्याशी मोबाइलच्या सिमद्वारे जोडलेले असते, आणि त्यामुळे कोणताही बिंदू दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेमका मिळतो. आम्हाला सर्वांत जवळचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटरवर आहे.

माझा फोनही त्याच उपग्रहांचे संकेत घेतो, तरी बांधावर उभे राहिल्यावर नकाशातला ठिपका कधी शेजाऱ्यांच्या उसात, तर कधी ओढ्यात दिसतो. इतक्या लांबच्या इमारतीवर बसवलेल्या अँटेनाला माझ्या शेतातली चूक कशी कळते? आणि हे 'दोन सेंटिमीटर' माझ्या हद्दीलाही लागू होतात असे मानावे का? शेजारी म्हणतात की यंत्राने दाखवले तेच अंतिम. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

भूगणित

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे दोन भाग वेगळे ठेवणे आवश्यक आहे. मी पहिल्या भागाबद्दल लिहितो. हद्दीबद्दल येथील मोजणी खात्यातली मंडळी अधिक अधिकाराने सांगतील.

आधी फोन आणि रोव्हर यांतला फरक पाहू. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रेडिओलहर पाठवतो आणि त्या लहरीवर वेळेची खूण सांगणारा एक कोड चढवलेला असतो. फोन मुख्यतः तो कोड वाचून अंतर काढतो आणि मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत पोहोचतो. रोव्हर कोडावर न थांबता खुद्द वाहक लहरीची कला, म्हणजे लहर आपल्या चढउताराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, मोजतो. जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि चांगला रिसीव्हर त्या लांबीचा शंभरावा भाग, म्हणजे दोनेक मिलिमीटर, ओळखू शकतो. अडचण अशी की लहरीचा अपूर्णांक भाग कळला, तरी उपग्रह आणि रोव्हर यांच्यामध्ये पूर्ण लहरी किती मावल्या ते थेट कळत नाही. ती पूर्णांक संख्या शोधून काढणे हाच या साऱ्या उद्योगाचा गाभा आहे. ती सापडली की यंत्राच्या पडद्यावर 'फिक्स' असे येते, आणि तोवर 'फ्लोट' दिसत राहते.

ही संख्या एकट्या रोव्हरला चटकन सापडत नाही, कारण मोजलेल्या अंतरात इतर चुका मिसळलेल्या असतात. उपग्रहाच्या घड्याळात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटर. उपग्रह स्वतःच्या कक्षेबद्दल जी माहिती प्रसारित करतो तीत मीटरभराची चूक असू शकते. आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना लहर काही मीटरांनी, आणि सूर्य खवळलेला असेल तर त्याहून बरीच अधिक, उशिरा पोहोचते. खालच्या वातावरणातून डोक्यावरच्या उपग्रहाचा संकेत आला तरी सव्वादोन-अडीच मीटरांची भर पडते, आणि पावसाळ्यातल्या बाष्पाने ती रोज बदलते.

येथे संदर्भ केंद्र, म्हणजे कॉर्सचे केंद्र, उपयोगी पडते. त्याची अँटेना पक्क्या खांबावर किंवा भक्कम इमारतीवर बसवलेली असते, आणि दीर्घकाळाच्या निरीक्षणांवरून तिचे स्थान मिलिमीटरांच्या पातळीवर ठरवलेले असते. तराजूला पासंग आहे का हे ओळखायचे असेल, तर ज्याचे वजन आधीच पक्के ठाऊक आहे ती वस्तू पारड्यात टाकतात, तसेच हे आहे. केंद्राचे स्थान ठाऊक असल्याने प्रत्येक उपग्रहापर्यंतचे अंतर किती यायला हवे होते हेही ठाऊक असते, आणि मोजलेले अंतर त्याहून जितके वेगळे भरते तितकी त्या क्षणाची त्या उपग्रहाची चूक. केंद्राला आपल्या शेताबद्दल काहीच कळत नाही. त्याला कळते ती स्वतःच्या डोक्यावरच्या आकाशाची चूक, आणि ३५ किलोमीटरवर आपले आकाश त्याच्या आकाशापेक्षा फारसे वेगळे नसते.

किती वेगळे असते ते गणिताने पाहता येते. कक्षेत एक मीटर चूक असेल, तर दोन ठिकाणांच्या फरकात ती साधारणपणे 'केंद्रापासूनचे अंतर भागिले उपग्रहाचे अंतर' या प्रमाणात उरते, म्हणजे ३५ किलोमीटरसाठी दोन मिलिमीटरांहूनही कमी. दोन रिसीव्हर आणि दोन उपग्रह यांच्या निरीक्षणांची दुहेरी वजाबाकी केली की चारही घड्याळांच्या चुका बाहेर पडतात. चंद्रसूर्याच्या ओढीने जमीन स्वतः दिवसातून तीसेक सेंटिमीटरपर्यंत वरखाली होत असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्र आणि शेत जवळजवळ एकत्रच हलत असल्याने ती हालचालही वजाबाकीत जाते. जात नाही ते आयनांबर. शांत दिवशी त्याचा उरलेला फरक दर किलोमीटरला एक मिलिमीटर धरला, तरी ३५ किलोमीटरवर साडेतीन सेंटिमीटर होतात, आणि आपल्या अक्षांशांत तो याच्या काही पट होऊ शकतो. म्हणूनच एकाच केंद्रावर विसंबून काम करायचे असेल तर दहा-वीस किलोमीटरांच्या पलीकडे जाऊ नये असा प्रघात आहे.

मग ३५ किलोमीटरवर अचूकता कशी येते? जाळ्यामुळे. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ कॉर्स केंद्रे उभारली आहेत. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे, तेव्हा एका केंद्राच्या वाट्याला सुमारे चार हजार चौरस किलोमीटर येतात आणि दोन केंद्रांमध्ये साधारण साठ-पासष्ट किलोमीटरांचे अंतर राहते. सर्व केंद्रांची निरीक्षणे दर सेकंदाला नियंत्रण केंद्राकडे जातात. तिथले संगणक आपसांतल्या पूर्णांक संख्या आधीच सोडवून ठेवतात आणि आयनांबर व वातावरण यांची चूक एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जाताना कशी बदलते याचे चित्र सतत मांडत राहतात. आपला रोव्हर प्रथम स्वतःचे ढोबळ स्थान सिमद्वारे कळवतो. त्यावर भोवतालच्या केंद्रांवरून त्या जागेसाठीची चूक अंदाजून, जणू आपल्या बांधालगतच एक संदर्भ केंद्र उभे असावे अशा रूपात दुरुस्ती परत पाठवली जाते. याला आभासी संदर्भ केंद्र म्हणतात. भूकरमापक साहेबांना स्वतःचे दुसरे यंत्र माहितीच्या बिंदूवर मांडून राखण बसवावी लागली नाही, याचे कारण हेच.

सह्यगिरी

भूगणित यांनी तत्त्व नेमके मांडले आहे. मी रस्ते आणि जलवाहिन्यांच्या सर्वेक्षणाचे काम करतो, त्यामुळे शेतात आणि घाटात ही व्यवस्था कुठे अडते याबद्दल थोडे लिहितो.

सर्वांत पहिली अडचण उपग्रहांची नसून मोबाइलच्या रेंजची असते. दुरुस्ती इंटरनेटवरून येत असल्याने घाटमाथ्याच्या आड किंवा खोल ओहोळात रेंज गेली, की काही सेकंदांतच फिक्स जातो. अशा वेळी मोकळ्या जागी स्वतःचे बेस यंत्र मांडून रेडिओवरून दुरुस्ती पाठवणे, किंवा निरीक्षणे नोंदवून घेऊन नंतर कॉर्सच्या साठवलेल्या नोंदींबरोबर कार्यालयात गणित करणे हे मार्ग उरतात. दुसरा मार्ग वेळखाऊ असला तरी मला अधिक विश्वासाचा वाटतो, कारण त्यात घाईने लागलेला चुकीचा फिक्स उघडा पडतो. सह्याद्रीत आणखी एक गोष्ट जाणवते: केंद्र पायथ्याशी आणि रोव्हर सहाशे-सातशे मीटर वर असेल, तर दोघांच्या डोक्यावरची दमट हवा सारखी नसते आणि उंचीच्या आकड्यात त्याची चूक उतरते.

दुसरी अडचण जागेची. आंब्याखाली, बांबूच्या बेटालगत, पत्र्याच्या शेडशेजारी संकेत थेट न येता आपटून येतो. ही चूक फक्त त्या जागेची असते आणि जगातले कोणतेही संदर्भ केंद्र ती दुरुस्त करू शकत नाही. अशा ठिकाणी यंत्र पूर्णांक चुकीचा धरूनही 'फिक्स' दाखवू शकते, आणि मग दोन सेंटिमीटरच्या बढाईखाली वीस-चाळीस सेंटिमीटरांची चूक लपते. म्हणून महत्त्वाचा कोपरा एकदा मोजून झाल्यावर यंत्राला नव्याने फिक्स घ्यायला लावून, शक्यतो अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने पुन्हा मोजावा; उपग्रह तोवर सरकलेले असतात, त्यामुळे तीच चूक तशीच पुन्हा होण्याची शक्यता कमी असते. दांड्यावरच्या पाणसळीकडेही लक्ष हवे. दोन मीटरचा दांडा एका अंशाने कलला तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकते, आणि त्यात उपग्रहांचा काहीच दोष नसतो. नव्या यंत्रांत कल ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते, पण सगळीकडची यंत्रे नवी नसतात.

वेळेबद्दलही एक सूचना. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबर विशेष दाट होते आणि त्याचा उत्तरेकडचा पट्टा भारताच्या मध्यावरून, अहमदाबाद-भोपाळच्या आसपासून, जातो. खानदेश आणि विदर्भाचा उत्तर भाग त्याच्या कडेला येतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर काही तास संकेत लुकलुकतात, आणि सूर्य जोमात असलेल्या वर्षांत हे फारच जाणवते. दिवस मावळत आला की मी नाजूक बिंदू दुसऱ्या सकाळसाठी ठेवतो. मे २०२४ मध्ये सौरवादळ आले तेव्हा अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात ऐन पेरणीत ट्रॅक्टरांचे स्वयंचालित मार्गदर्शन कोलमडले होते. तीही हीच दुरुस्तीची पद्धत होती.

अनामिक वाचक

मग 'गगन' कशासाठी आहे? ती सेवा विनामूल्य आहे आणि तिला सिमही लागत नाही. तिच्यावर मोजणी का करत नाहीत?

भूगणित

गगनही स्थिर संदर्भ केंद्रांवरच चालते, पण अख्ख्या देशासाठी तिची केंद्रे १५ आहेत आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहावरून येते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी ती विमानांसाठी उभारली. विमानाला मीटरभराची अचूकता पुरते, मात्र संकेत बिघडला तर काही सेकंदांत इशारा मिळण्याची हमी हवी असते, आणि गगनची सारी रचना त्या हमीभोवती आहे. तिची दुरुस्ती कोडासाठी असल्याने पूर्णांक संख्या सुटण्याचा प्रश्नच येत नाही. युरोपच्या गॅलिलिओने जानेवारी २०२३ पासून उपग्रहावरूनच अधिक बारीक दुरुस्ती विनामूल्य देणे सुरू केले आहे, तिचे उद्दिष्ट सुमारे वीस सेंटिमीटरांचे आहे आणि तिथवर पोहोचायला रिसीव्हरला काही मिनिटे थांबावे लागते. फवारणीच्या ड्रोनला ते चालेल, हद्दीच्या दगडाला नाही.

साखळीवाला

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून आयुष्य गेले, म्हणून माणदेशी यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. शेजाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही.

रोव्हर सांगतो तो दांड्याच्या टोकाचा अक्षांश-रेखांश. आपली हद्द कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते. ते अभिलेखात असते. मुंबई इलाख्यातली मूळ मोजणी ज्या साखळीने झाली ती ३३ फुटांची, आणि तिचे १६ आणे पाडलेले. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे त्या साखळीतूनच आले. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक, सुमारे ६३ सेंटिमीटर. टिपणातली, म्हणजे त्या मोजणीच्या मूळ नोंदीतली, मापे आणे-अर्ध्या आण्यांत लिहिलेली आहेत. आता अर्ध्या आण्यात लिहिलेले माप दोन सेंटिमीटरांच्या यंत्राने जमिनीवर परत मांडले, म्हणून ते दोन सेंटिमीटरांचे होत नाही. त्या काळच्या माणसांनी काम निष्ठेने केले होते आणि शेतसाऱ्यासाठी तेवढी बारकाई पुरेशी होती, हेही सांगायला हवे.

प्रत्यक्षात होते ते असे. भूकरमापक रोव्हरने तुमची वहिवाट, म्हणजे आजचे बांध, टिपून घेतो. त्याबरोबर गावातल्या जुन्या खुणाही घेतो, जसे की सर्व्हे नंबरचे दगड, तिरड्याच्या (तीन हद्दी मिळतात तिथल्या) खुणा, जुनी विहीर, शिव. मग टिपण, फाळणी (पोटहिश्श्यांचा नकाशा) किंवा एकत्रीकरण योजनेचा नकाशा त्या खुणांवर बसवला जातो आणि त्यावरून हद्द ठरते. निर्णयाची खरी जागा ती आहे. खुणा चांगल्या आणि दूरवर पसरलेल्या असतील, तर नकाशा नीट बसतो. दगडच उपटले गेले असतील आणि भूकरमापकाने फक्त लगतच्या दोन बांधांवर नकाशा बसवला, तर यंत्र कितीही भारी असले तरी हद्द फुटा-दोन फुटांनी इकडेतिकडे होईल. तेव्हा आपण 'फिक्स होता का' हे विचारा, पण त्याआधी 'नकाशा कोणत्या खुणांवर बसवला' हे विचारा. मोजणी मान्य नसेल, तर वरिष्ठांकडे निमताना मोजणीचा, म्हणजे फेरतपासणीच्या मोजणीचा, अर्ज करता येतो, आणि तिथेही वाद बहुधा खुणांवरच होतो, उपग्रहांवर नाही.

कॉर्समुळे फायदा झाला नाही असे मात्र मी म्हणणार नाही. पूर्वी प्रत्येक मोजणी आपल्यापुरती असे. एका गटाची मोजणी उत्तरेकडून सुरू झाली आणि शेजारच्या गटाची दक्षिणेकडून, तर मधला बांध दोन नकाशांत दोन ठिकाणी येई आणि दोघेही भूकरमापक आपापल्या परीने बरोबर असत. आता सगळे एकाच जाळ्यावर मोजत असल्याने अशी विसंगती संगणकावर तत्काळ दिसते. एवढी एक गोष्ट झाली तरी खात्याचे निम्मे भांडण मिटेल असे माझे मत आहे. तसे पाहिले तर देशभर एकच आधारजाळे बांधण्याचा ध्यास जुनाच आहे. १८०२ साली मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा लॅम्बटन ते काम करत करतच १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला.

माणदेशी

सर्वांचे आभार. साखळीवाला यांच्या सूचनेप्रमाणे कोणत्या खुणा धरल्या ते विचारून घेतो. आणखी दोन शंका आहेत. विहिरीपासून वरच्या टाकीपर्यंत आणि तिथून उताराने पाटापर्यंत जलवाहिनी टाकायची आहे. मोजणीत आलेल्या उंचीच्या आकड्यांवर ती आखता येईल का? आणि कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आज लिहून ठेवले, तर पंचवीस वर्षांनी दगड हरवल्यावर मुलांना त्यावरून तीच जागा सापडेल का?

सह्यगिरी

उंचीचे मी सांगतो. रोव्हर मूळात जी उंची देतो ती समुद्रसपाटीपासूनची नसून पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. भारताच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षणाचा मोठा खळगा आहे, म्हणजे तिथे समुद्रसपाटीच त्या लंबगोलाच्या खाली बसते; श्रीलंकेच्या दक्षिणेला तो शंभर मीटरांहूनही खोल जातो. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात ही उंची समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरांनी कमी भरते. जुहूच्या वाळूवर उभे राहून काही यंत्रे उणे उंची दाखवतात ती याचमुळे. आपल्या शेतापुरता हा फरक सगळीकडे जवळजवळ सारखाच असल्याने दोन बिंदूंतला चढ-उतार कामापुरता बरोबर मिळतो. पण उभ्या दिशेची चूक आडव्या दिशेच्या दीड-दोन पट असते. पंपाचा हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचे ते, काढायला एवढे पुष्कळ झाले. टाकीपासून पाटापर्यंतचा उतार मात्र किलोमीटरला वीस सेंटिमीटर इतकाच मिळणार असेल, तर तो रोव्हरवर आखू नका. ऑटो लेव्हल (पातळी मोजण्याची दुर्बीण) लावून घ्या, अर्ध्या दिवसाचे काम आहे.

भूगणित

दुसऱ्या शंकेचे उत्तर 'हो' असे आहे, पण नोंद पूर्ण असेल तरच. भारतीय भूखंड ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो आहे. जागतिक चौकटीत, म्हणजे अख्ख्या पृथ्वीसाठी ठरवलेल्या अक्षांश-रेखांशांच्या मांडणीत, पाहिले तर पंचवीस वर्षांत आपला बांध सव्वा मीटर पुढे गेलेला असेल. सारे शेत, शेजार आणि कॉर्सची केंद्रेही बरोबरच सरकतात, म्हणून जाळ्याच्या केंद्रांना ठरवून दिलेली स्थाने कायम ठेवली असतील, तोवर त्या जाळ्यावर मोजणाऱ्याला तोच आकडा मिळत राहतो. पण ती स्थाने मधल्या काळात नव्याने ठरवली गेली, किंवा मुलांनी उपग्रहावरून थेट जागतिक चौकटीत स्थान देणारी सेवा वापरली, तर आकडा जुळणार नाही.

जपानमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे बाराशेहून अधिक कायमस्वरूपी केंद्रांचे जाळे आहे. मार्च २०११ च्या भूकंपात ओशिका द्वीपकल्पावरचे केंद्र पाच मीटरांहून अधिक सरकलेले दिसले, आणि देशाच्या पूर्व भागातल्या संदर्भबिंदूंचे प्रसिद्ध आकडे थांबवून नव्याने जाहीर करावे लागले. किती सरकले ते जाळ्यामुळेच कळले, म्हणून जुन्या नकाशांचे नव्यात रूपांतर करता आले.

तेव्हा आकड्यांबरोबर मोजणीची तारीख, कोणत्या जाळ्यावर मोजले ते, आणि नोंदीत दिलेले संदर्भ चौकटीचे नाव व तिचे वर्ष लिहून ठेवा. अंशांचे दशांश किमान आठ स्थळांपर्यंत लिहा, कारण पाचव्या स्थळावर थांबलात तर तिथेच मीटरभर गेला. शिवाय प्रत्येक कोपऱ्यापासून हलणार नाहीत अशा दोन-तीन वस्तूंपर्यंतची अंतरे टेपने मोजून त्याच कागदावर लिहा; विहिरीचा कठडा, देवळाचा चौथरा, मोरीचा कोपरा, काहीही चालेल.